हुद्दा : कॉम्प्युटर

कॉम्प्युटर हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे, पण यंत्रासाठी नव्हे, माणसासाठी! हिशेब करतो तो कॉम्प्युटर. यंत्राने हे नाव पुरतं बळकावलं ते १९४० नंतर.

कलकत्त्याचे राधानाथ सिकदार १८३१ साली सर्व्हे खात्यात कॉम्प्युटर म्हणून लागले आणि पुढे चीफ कॉम्प्युटर झाले. (आमच्या कार्डांवरच्या हुद्द्यांपेक्षा भारीच की!) शंभराहून जास्त मैलांवरून मोजलेले कोन, त्यात हवेमुळे प्रकाश वाकतो त्याची दुरुस्ती... सगळं हाताने, कागदावर. या आकडेमोडीतून 'शिखर १५'ची उंची निघाली. १८५६ मध्ये जाहीर झाली ती २९,००२ फूट. २०२० च्या मोजणीत २९,०३२! शिखराला १८६५ साली नाव मात्र दिलं एव्हरेस्टसाहेबांचं. साहेब १८४३ मध्येच निवृत्त झाले होते.