जॉबर, दस्तुरी आणि मॅनेजरची फ्रेंड रिक्वेस्ट

आमच्या लाईनीत ‘रेफरल’ म्हणून एक प्रकार असतो. कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने आपला सीव्ही पुढे सरकवायचा, आपण लागलो की त्याला बोनस. मला दुसरी नोकरी अशीच लागली. ज्याने रेफर केलं त्याला रीतसर पार्टी दिली, तेव्हा तो म्हणाला, “फेसबुकवरचं ते राजकारण जरा आवर हां, आपला मॅनेजर बघतो.” जॉईन झाल्यावर आठवड्याभरात मॅनेजरची फ्रेंड रिक्वेस्ट हजर! आता ती नाकारणार कशी?

‘हे सगळं सोशल मीडियामुळे सुरू झालं, पूर्वी ऑफिस वेगळं आणि घर वेगळं होतं’ असं सगळे म्हणतात. मला हे पटत नाही. गेले काही वीकेंड मी गिरणगावाबद्दल वाचतोय, विशेषतः राजनारायण चंदावरकर यांचं १९९४ सालचं जाडजूड पुस्तक. आपल्या मुंबईतच ऑफिस आणि घर यांच्यामध्ये भिंत नव्हती. तिथे एक माणूस उभा होता. त्याचं नाव जॉबर.

जॉबर म्हणजे मुकादम म्हणा ना. कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली काढली, १८५६ ला ती सुरू झाली, आणि पुढे गिरण्या भराभर वाढल्या. आता एवढी माणसं आणायची कुठून? स्पिनिंग मास्तर, विव्हिंग मास्तर वगैरे साहेब मंडळींना कामगारांची ना भाषा नीट यायची ना गावं माहीत. मग ते काम जॉबरवर सोपवलं. माणसं आणायची त्याने, कामाला लावायची त्याने, शिकवायची त्याने, साचा बिघडला तर पाहायचा त्याने, रजा त्याच्याकडे मागायची आणि काढून टाकणाराही तोच. एचआर, टीम लीड आणि टेक सपोर्ट, थ्री इन वन! बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची.

याची फी असायची, तिला म्हणायचे दस्तुरी. नोकरी लागताना द्यायची, टिकवायलाही अधूनमधून द्यायची. आमच्याकडे रेफर करणाऱ्याला कंपनी पैसे देते, तेव्हा लागणारा माणूस द्यायचा, एवढाच काय तो फरक.

पण जॉबरची खरी ताकद दस्तुरीत नव्हती, ती होती पगाराच्या तारखेत. ही गोष्ट वाचली आणि मला एकदम सगळं उलगडलं. गिरणीत पगार महिन्याचा मिळायचा, आणि तोही पुढचा महिना अर्धा सरल्यावर. म्हणजे रत्नागिरीहून आलेला माणूस एक तारखेला कामाला लागला, तर हातात पैसे पडायला दीड महिना. तोवर खायचं काय? राहायचं कुठे? खानावळवाली उधार जेवायला घालणार, वाणी उधार तांदूळ देणार, पण कुणीतरी जामीन राहिलं तर. तो जामीन जॉबर. काही जॉबरांचा खानावळीत किंवा दुकानात स्वतःचाच हात असायचा, काही चाळीतल्या खोल्या भाड्याने लावून द्यायचे. कोण किती पितो, कुणाच्या डोक्यावर पठाणाचं कर्ज आहे, कोण काल संपाच्या सभेला गेला, हे त्याला फेसबुक न बघताच माहीत असायचं.

इथपर्यंत वाचून जॉबर म्हणजे शुद्ध खलनायक वाटतो. त्या काळच्या गिरणीमालकांनीही तो तसाच रंगवला. माणसं टिकत नाहीत, दस्तुरी घेतली जाते, शिस्त नाही, सगळं पाप जॉबरचं! (वापरणारे हेच, आणि शिव्या देणारेही हेच. असो.) पण चंदावरकर दाखवतात ती दुसरी बाजू जास्त इंटरेस्टिंग आहे. जॉबर स्वतः लटकलेलाच असायचा. सकाळी भोंगा झाल्यावर साच्यांवर माणसं उभी नसली तर मास्तर दुसरा जॉबर बघणार. दस्तुरी फार खेचली तर माणसं दुसऱ्याच्या मागे जाणार. संपात आपली माणसं फोडून कामावर नेली, तर रात्री परत याच वस्तीत यायचंय! त्यामुळे कधी जॉबर मालकाच्या बाजूने संप मोडायला बघायचा, तर कधी संपाच्या पुढे चालायचा. कामगारांचं त्याला जसं सगळं माहीत, तसं त्याचंही कामगारांना माहीत. नजर दोन्हीकडून होती. सारखी नसेल, पण होती.

त्याच काळात अमेरिकेत याच्या बरोबर उलटा प्रयोग चालू होता. १९१३ मध्ये डेट्रॉईटजवळच्या फोर्डच्या कारखान्यात माणसं सोडून जायचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे एक जागा भरलेली ठेवायला वर्षात जवळजवळ चार वेळा भरती. (आपल्याकडचं ॲट्रिशन काहीच नाही!) मग ५ जानेवारी १९१४ ला फोर्डने आठ तासांना पाच डॉलर रोज जाहीर केला. पण यातला मोठा हिस्सा ‘नफ्यातला वाटा’ म्हणून होता, आणि तो मिळणार नीट राहणाऱ्यालाच. नीट राहतो हे कोण ठरवणार? त्यासाठी कंपनीने चक्क सोशिऑलॉजिकल डिपार्टमेंट काढलं. त्याचे इन्स्पेक्टर कामगारांच्या घरी जायचे. घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, शिल्लक किती टाकतो, लग्न खरंच झालंय का, घरात पोटभाडेकरू ठेवलेत का, सगळं लिहून न्यायचे. १९२१ पर्यंत हे खातं गुंडाळलं गेलं. इन्स्पेक्टर आपल्या वस्तीत राहत नसे, त्याचं घर कसं आहे हे कामगाराला कधी दिसत नसे. नजर एकाच बाजूने.

मुंबईतही जॉबरचे दिवस फिरले. १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला, गिरणी कामगार युनियनच्या गिरणी समित्या जॉबरच्या अधिकाराला आव्हान द्यायला लागल्या. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात शिफारस केली की माणसं घेण्या-काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढा, लेबर ऑफिसर नेमा. १९३४ च्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला आणि १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डं काढली. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक बदल्यांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी गेटवर हजर व्हायचं, गैरहजर माणसाच्या जागी फक्त त्यांच्यातूनच घ्यायचं. आमच्या भाषेत ‘बेंच’. फक्त आमच्या बेंचला पगार असतो, त्यांना काम मिळालं नाही तर हात हलवत घरी. कार्डाने जॉबरची मनमानी कमी झाली, पण बदलीपण गेलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपातही बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होतीच.

आता आपलं. माझ्या एका मित्राची ऑफर शेवटच्या राउंडनंतर थांबली. एचआर म्हणालं, “बॅकग्राउंड चेकमध्ये काही गोष्टी आल्या.” कुठल्या? नाही सांगणार. त्याच्या सर्टिफिकेटमध्ये काही खोट नव्हती, आधीच्या कंपनीचं पत्रही नीट होतं. त्याने आपलं जुनं सगळं लिखाण रात्रभर बसून डिलीट केलं, नेमकं कशाने अडलं हे न कळताच. गिरणीतल्या माणसाला निदान जॉबरचं नाव, त्याची खोली आणि दस्तुरीचा भाव माहीत होता. तो खाली जाऊन भांडू तरी शकत होता.

रेफरलमुळे आपल्याला वाटतं की आपण जॉबरच्या जमान्यात आहोत, ओळखीपाळखीच्या. माझ्या मते आपण फोर्डच्या जमान्यात आहोत, फक्त इन्स्पेक्टर घरी येत नाही. मॅनेजर फ्रेंड लिस्टमध्ये येऊन गोव्याचे फोटो दाखवतो म्हणून नजर दोन्ही बाजूंची होत नाही, कारण त्याच्या फोटोंवरून माझ्याकडे त्याचं अप्रेझल नसतं.

आणि कायदा म्हणाल, तर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा केला. मी मोठ्या आशेने वाचला. त्यात नोकरीच्या कारणासाठी संमती न घेता माहिती वापरायची सोय आहे. आणि जी माहिती माणसाने स्वतःहून सार्वजनिक केली, तिला तर तो कायदाच लागू नाही.