मेरी लू विल्यम्स यांचे दप्तर

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात न्यूअर्क नावाचे शहर आहे. तेथील रट्गर्स विद्यापीठाच्या जॅझ अभ्यास संस्थेत मेरी लू विल्यम्स या पियानोवादक, रचनाकार आणि शिक्षिका असलेल्या कृष्णवर्णीय बाईंचे सारे दप्तर जतन करून ठेविले आहे. हस्तलिखित स्वरलिपी, पत्रव्यवहार, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि आत्मचरित्राचे अपुरे राहिलेले खर्डे असा हा संग्रह आहे. मार्शल स्टर्न्स या अभ्यासकाने १९५२ साली स्थापिलेली ही संस्था १९६६ साली रट्गर्सकडे आली. जॅझसाठी इतके मोठे संग्रहालय जगात क्वचितच असेल.

जॅझचा आणि आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत स्वरलिपी शिकलेली मुले मुंबईस आली आणि ताजसारख्या हॉटेलांच्या वाद्यवृंदांत जॅझ वाजवू लागली. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. आमचे वादक वेदीपासून नृत्यगृहाकडे गेले. मेरी लू नृत्यगृहातून वेदीकडे आल्या. या उलट्या वाटेचा पुरावा न्यूअर्कच्या त्या कपाटांत आहे, म्हणून त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहो.

मेरी लू यांचा जन्म ८ मे १९१० रोजी अटलांटा शहरी झाला. बालपण पिट्सबर्ग येथे गेले. स्वरलिपी येण्यापूर्वीच हात पियानोवर चालू लागला, आणि शेजारपाजारी त्या ‘पियानोवाली छोकरी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. पुढे कॅन्सस सिटीच्या अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदात १९४२ सालापर्यंत त्या वादक आणि अरेंजर होत्या. अरेंजर म्हणजे कोणते वाद्य केव्हा उचलावे, कोणी थांबावे, कोणते सूर एकत्र लागावेत हे कागदावर ठरविणारा माणूस. बेनी गुडमन आणि ड्यूक एलिंग्टन यांच्यासारख्या मातब्बरांसाठीही त्यांनी असे काम केले. श्रोत्यांना नाव मात्र दिसे ते वाद्यवृंदाच्या म्होरक्याचे. आपल्या कामाचे पैसे आणि श्रेय पुरतेपणी मिळाले नाही, अशी त्यांची तक्रार होती. आज ही हस्तलिखिते हाती असल्यामुळे अभ्यासकाला त्यांचे काम पानापानावर दाखविता येते. कागदाचे मोल कळते ते येथे. हिंदी चित्रपटांच्या संगीतातही आमच्या गोमंतकीय अरेंजरांची नावे पडद्यावर आली तर बहुधा ‘सहायक’ म्हणूनच. त्यांच्या हातची पाने कोणाच्या पेटीत वा कोणत्या माळ्यावर पडून आहेत, याची विचारपूस त्यांच्या नातवंडांनी अजूनही करावी.

परंतु जॅझ सारा कागदावर मावत नाही. वादक त्या क्षणी जे सुचेल ते वाजवितो; म्हणून तबकड्यांचे व फितींचे महत्त्व पानांहून कमी नाही. बारा राशींवर मेरी लू यांनी रचलेली ‘झोडियॅक सूट’ ही कृती ३१ डिसेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये लहानशा वाद्यवृंदासह सादर झाली. ते ध्वनिमुद्रण सर्वांस ऐकावयास मिळाले १९९१ साली. तोवर बाईंना जाऊन दहा वर्षे लोटली होती. त्या काळात हार्लेममधील त्यांचे घर म्हणजे एक पाठशाळाच होती. थेलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी ही पुढे गाजलेली मंडळी तेथे येत, पियानोभोवती बसत, नव्या रचना परस्परांना ऐकवीत. मेरी लू यांच्या शिकविण्याचा आरंभ आम्ही तेथूनच धरतो.

१९५२ साली त्या युरोपात गेल्या. १९५४ साली पॅरिस येथे त्यांनी वादनाचा व्यवसाय एकाएकी सोडला. थकवा होता, पैशाची ओढाताण होती, मित्रांचे मृत्यू होते. आणि त्यापलीकडे एक पोकळी होती. न्यूयॉर्कला परतल्यावर हार्लेममधील लूर्द मातेच्या चर्चमध्ये त्या तासन्‌तास प्रार्थनेत बसू लागल्या. ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची त्यांच्या नावांची यादी जवळ असे, आणि ती वाढतच जाई. मे १९५७ मध्ये डिझी गिलेस्पी यांच्या पत्नी लोरेन यांच्यासह त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. येशूसंघीय फादर अँथनी वुड्स यांनी त्यांना धर्मशिक्षण दिले होते. संगीत हे पापच, असे त्यांच्या मनाने घेतले होते. ते काढून टाकण्यास धर्मगुरूंनाच पुढे व्हावे लागले, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्याच वर्षी जुलैत न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात त्या पुन्हा पियानोवर बसल्या. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या वादकांसाठी त्यांनी ‘बेल कांतो’ नावाची संस्था काढली आणि तिच्या खर्चासाठी जुन्यापान्या कपड्यांचे व वस्तूंचे दुकान चालविले. दुकानाने फारसे पैसे दिले नाहीत. आजारी, बेघर वादक मात्र त्यांच्या राहत्या घरी येत राहिले.

३ नोव्हेंबर १९६२ रोजी, संत मार्टिन डी पोरस यांच्या सणाला, न्यूयॉर्कच्या संत फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये त्यांचे या संतावरील स्तोत्र प्रथम गायिले गेले. शब्द फादर वुड्स यांचे होते. लिमा शहरात झाडलोट करणाऱ्या, रोग्यांची सेवा करणाऱ्या या कृष्णवर्णीय डोमिनिकन बंधूंना त्याच वर्षी मे महिन्यात पोप तेविसावे जॉन यांनी संतपद दिले होते.

येथे एक अडचण होती, आणि ती लहान नव्हती. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली संत सिसिलियाच्या सणाला काढलेल्या पत्राने चर्चमध्ये पियानो आणि ढोलासारखी गोंगाटाची वाद्ये वाजविण्यास मनाई केली होती. ज्या वाद्यावर मेरी लू यांचे आयुष्य गेले तेच वेदीसमोर वर्ज्य! डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनेवरील दस्तऐवजाने लोकभाषा आणि लोकसंगीत यांना वाट करून दिली, तरी ग्रेगोरियन गायनाचा मान अढळ ठेवला. विरोध करणारे सारेच कोत्या मनाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. मिस्सा ही मैफल होऊ नये, ही त्यांची धास्ती खरी होती. तबला-ढोलकीसह भजन प्रथम मिस्सेत आले तेव्हा आमच्याकडेही भुवया उंचावल्याच होत्या.

मेरी लू यांचे उत्तर युक्तिवादाचे नव्हते. त्यांनी मिस्सा रचल्या. पहिली १९६७ साली, पिट्सबर्गच्या सेटन हायस्कूलमध्ये शिकवीत असताना. ती त्यांच्या विद्यार्थिनींनी संत पॉल कॅथेड्रलमध्ये गायिली. दुसरी १९६८ च्या उपवासकाळासाठी. तिसरी, शांतीसाठी रचलेली, १९६९ सालची. तिला पुढे ‘मेरी लूची मिस्सा’ म्हणू लागले, आणि १९७१ साली अल्विन एली यांनी तिच्यावर नृत्य बसविले. फेब्रुवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संत पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये हीच रचना प्रत्यक्ष मिस्सेत गायिली गेली. त्या कॅथेड्रलात जॅझ मिस्सा अर्पिली जाण्याची ती पहिलीच वेळ.

१९७७ पासून ड्यूक विद्यापीठात त्या जॅझचा इतिहास शिकवू लागल्या. येशूसंघीय फादर पीटर ओब्रायन वर्गात सोबत असत; त्यांचे व्यवहारही तेच पाहत. डेव्हिड स्टोन मार्टिन या चित्रकाराने त्यांच्यासाठी काढलेले जॅझचे झाड त्यांच्या शिकवणुकीचे सार होते. त्याच्या मुळाशी होते दुःख. त्यावर गुलामांची भक्तिगीते, मग रॅगटाईम, मग पुढले सारे. जुने खोड तोडून नवी फांदी लावता येत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. आम्हांस वाटते, परंपरेविषयी ख्रिस्तसभा जे सांगते त्याहून हे फार निराळे नाही. १९७० च्या ‘जॅझचा इतिहास’ या तबकडीवर त्या पियानो वाजवीत हेच समजावून सांगतात. मृत्यूनंतरही ऐकता यावा असा तो वर्गच आहे.

२८ मे १९८१ रोजी डरहॅम येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले; दफन पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी या कॅथलिक दफनभूमीत. लहान मुलांना जॅझ शिकविता यावे म्हणून त्यांनी आधीच एक न्यास स्थापिला होता. फादर ओब्रायन यांनी २०१५ साली आपल्या मृत्यूपर्यंत तो सांभाळला. टॅमी कर्नोडल आणि लिंडा डाल या दोघींनी लिहिलेली विस्तृत चरित्रे याच दप्तराच्या आधारे उभी राहिली. ‘झोडियॅक सूट’ ही १९४५ सालची कृती पियानोवादक एरन डील यांनी ‘द नाइट्स’ या वाद्यवृंदासह नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती २०२३ साली प्रसिद्ध झाली.