एक माणूस, एक मासा : हॅलिबटच्या नियमामागचा इतिहास

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. तिथे हौशी मच्छीमाराला दिवसाला एकच हॅलिबट धरता येतो, तोही ठरवून दिलेल्या दिवशीच. तुम्ही तीनशे हॉर्सपॉवरच्या बोटीतून जा नाहीतर आमच्यासारखे वल्ही मारत कयाकमधून जा, नियम एकच. आम्ही चौघं मित्र मे महिन्यात नीआ बे या गावी जातो. तिथे येणाऱ्या पाहुण्या गळवाल्यांच्या तोंडी एक तक्रार ठरलेली असते : आम्हाला माणशी एक मासा, आणि इथल्या मकाह आदिवासींना मात्र वेगळा वाटा, हा कुठला न्याय?

प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारलाय, असं माझं मत आहे. का, ते सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल.

आधी मासा. हॅलिबट म्हणजे कोकणातल्या लेपीचा महाकाय चुलतभाऊ समजा. जन्मतो तेव्हा इतर माशांसारखाच उभा पोहतो, दोन बाजूंना दोन डोळे. मग डावा डोळा हळूहळू सरकत उजव्या बाजूला येतो आणि मासा आडवा होऊन तळाशी झोपतो. पॅसिफिकमधली मादी दोनशे किलोंच्या वर जाऊ शकते आणि पन्नास वर्षांहून जास्त जगू शकते. इतका सावकाश वाढणारा मासा एकदा उपसला की भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. पुढचं सगळं राजकारण या एका गोष्टीवर उभं आहे.

कयाकमधून हॅलिबट धरणं ही आजची फॅशन वाटते, पण तसं नाही. अलास्काच्या अल्यूशियन बेटांवरचे उनांगन लोक समुद्रसिंहाच्या कातड्याची कयाक घेऊन भर समुद्रात हॅलिबट आणि कॉड धरत. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा पुरुष करायचे, कातडं बायका शिवायच्या. त्या शिवणीत पाणी शिरलं तर नवरा परत येणार नाही, एवढी सरळ गोष्ट. १७४१ च्या बेरिंगच्या मोहिमेनंतर रशियन फर-व्यापारी आले. त्यांनी याच लोकांना, याच नावांसकट, समुद्री ऊदमांजरांच्या शिकारीला जुंपलं आणि पार कॅलिफोर्नियापर्यंत नेलं.

दक्षिणेला, नीआ बेच्या मकाह लोकांकडे कयाक नव्हती. त्यांच्या होड्या सीडरच्या अख्ख्या खोडातून कोरलेल्या. पण त्यांचा हॅलिबटचा गळ बघण्यासारखा आहे. लाकूड वाफवून वाकवायचं, इंग्रजी ‘यू’सारखा आकार द्यायचा, आत हाडाचं टोक बांधायचं. फार लहान माशाच्या तोंडात तो जात नाही, फार मोठ्या माशाचं तोंड त्यात अडकत नाही. म्हणजे पिल्लं आणि अंडी घालणाऱ्या थोराड माद्या बऱ्याच अंशी आपोआप सुटायच्या. ओझेट इथे चिखलाच्या लोंढ्याखाली गाडलं गेलेलं मकाह गाव १९७० पासून उकरलं गेलं, त्यात हे गळ मिळाले. म्हणजे युरोपियन जहाजं यायच्या आधीपासूनची ही विद्या.

गंमत म्हणजे १९८३ च्या सुमारास व्यावसायिक बोटींनी सरळ गळ सोडून आत वळलेले गोल गळ घेतले आणि पकड एकदम वाढली. आम्हीही तोच वापरतो. त्यात झटका मारायचा नसतो. मासा आमिष घेऊन वळला की गळ आपणहून ओठाच्या कोपऱ्यात बसतो. कयाकमध्ये याचं महत्त्व फार, कारण झटका मारायला उठलात तर तुम्हीच पाण्यात. पण तत्त्व जुनंच आहे : माणसाने ओढू नये, माशाने स्वतः अडकावं.

आता १८५५ साल. वॉशिंग्टन प्रांताचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स ३१ जानेवारीला नीआ बेमध्ये मकाहांशी करार करतो. सरकारला जमीन हवी होती. मकाह प्रमुखांचं म्हणणं, जे त्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदलं गेलंय, ते असं की आमचा मुलूख म्हणजे समुद्र, मासे आणि देवमासे धरायचा हक्क सोडणार नाही. शेवटी करारात आलं की नेहमीच्या जागी मासे धरण्याचा त्यांचा हक्क ‘अमेरिकेच्या सर्व नागरिकांसह सामाईक’ राहील. हा ‘सामाईक’ शब्द लक्षात ठेवा. पुढची सव्वाशे वर्षं त्याचा अर्थ लावण्यात गेली.

तोवर अटलांटिकच्या किनाऱ्यावर न्यू इंग्लंडच्या मच्छीमारांनी आपला हॅलिबट जवळजवळ संपवत आणला होता. पॅसिफिकमध्ये मासा भरपूर, पण गिऱ्हाईक पाच हजार किलोमीटर लांब. रेल्वे किनाऱ्याला पोचली आणि हे अंतर मिटलं. १८८८ मध्ये न्यू इंग्लंडहून आलेल्या शिडाच्या जहाजांनी केप फ्लॅटरीजवळ, म्हणजे मकाहांच्या अंगणातच, मासेमारी सुरू केली. बर्फात घातलेला मासा गाडीने पूर्वेला रवाना. नंतर वाफेवरच्या बोटी आल्या. एकेका बोटीवर अनेक छोट्या होड्या, प्रत्येकीत दोन माणसं, आणि शेकडो गळ लावलेले लांबच लांब दोर. जवळचा तळ रिकामा झाला की पुढचा, तो झाला की आणखी उत्तरेला. १९१५ च्या सुमारास विल्यम थॉम्पसन नावाचा तरुण शास्त्रज्ञ माशांच्या कानातल्या खड्यांवरची वर्तुळं मोजून वयं काढत होता. त्याने दाखवून दिलं की तळ खरंच उपसले जातायत.

मग आला २ मार्च १९२३. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात हॅलिबट करार झाला. दर हिवाळ्यात १६ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी मासेमारी बंद. आपल्याकडे पावसाळ्यात असते तशीच बंदी, फक्त ऋतू वेगळा.

इतिहासात हा करार गाजला तो मात्र माशामुळे नाही, सहीमुळे. तोवर कॅनडाच्या परराष्ट्र करारांवर ब्रिटिश प्रतिनिधीची सही असायची. पंतप्रधान मॅकेन्झी किंग अडून बसले की हा आमचा प्रश्न, सही आमचाच मंत्री करेल. ब्रिटिश राजदूताला बाजूला ठेवून एर्नेस्ट लापॉइंट यांनी एकट्याने सही केली. त्याच वर्षी लंडनच्या साम्राज्य परिषदेने वसाहतींचा असा अधिकार मान्यही केला. त्या परिषदेत भारताच्या बाजूने तेजबहादूर सप्रू बसले होते, आणि ते केनिया-दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना बरोबरीचा दर्जा मिळावा म्हणून भांडत होते. एकाच टेबलावर एकाला करार करायचा अधिकार, दुसऱ्याला नुसता समान नागरिक म्हणवून घेण्यासाठी झगडा.

पण मला खटकतं ते वेगळंच. हॅलिबटवर कोण सही करणार यावर वॉशिंग्टन डीसी, ओटावा आणि लंडन तिघांनी डोकं शिणवलं. ज्यांनी ६८ वर्षांपूर्वी समुद्र हाच आमचा मुलूख म्हणून सांगितलं होतं, ते मकाह या वाटाघाटीत कुठेच नव्हते.

करार चांगला होता का? होता. नुसत्या हिवाळी बंदीने भागलं नाही, म्हणून १९३० चा नवा करार आला आणि भागवार पकडीची मर्यादा ठरू लागली. थॉम्पसन या आंतरराष्ट्रीय आयोगाचा पहिला संचालक झाला. मासा वाचला, हे मान्यच करायला हवं. पण मर्यादा एकूण माशांवर होती, बोटींवर नाही. परिणाम? जो आधी धरेल त्याचा. बोटी वाढत गेल्या, हंगाम आकसत गेला. १९९० च्या आसपास अलास्कात वर्षभरातला हंगाम म्हणजे चोवीस-चोवीस तासांचे दोन-तीन दिवस. वादळ असलं तरी निघायचं, कारण आज नाही तर वर्ष गेलं. १९९५ मध्ये अमेरिकेने प्रत्येकाला ठराविक कोटा दिला. जीवघेणी शर्यत थांबली. पण कोटा विकता येत होता. अलास्कातल्या लहान गावांमधले कोटे विकले गेले आणि किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या पोरांना धंद्यात शिरायला विकतचा हक्क घ्यावा लागला. पोटापुरता हॅलिबट धरणाऱ्या अलास्काच्या मूळ रहिवाशांना केंद्राच्या नियमांत स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००३ मध्ये.

आणि मकाह? १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी १८५५ च्या आसपासच्या करारांमधल्या त्या ‘सामाईक’ शब्दाचा अर्थ लावला : धरण्याजोग्या माशांचा अर्ध्यापर्यंत वाटा करारातल्या जमातींचा. तो खटला सॅमनचा होता. राज्यात प्रचंड आरडाओरडा झाला, पण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल मुळात कायम ठेवला. पुढे मकाहांनी कोर्टात हेही सिद्ध केलं की करार झाला तेव्हा ते होड्या वल्हवत किनाऱ्यापासून ४० मैलांपर्यंत मासेमारीला जात होते. आम्ही किनाऱ्यापासून दोन मैल गेलो तरी वाऱ्याचा अंदाज चार वेळा बघतो, रेडिओ तपासतो आणि अंगात कोरडा सूट असतो. त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. हक्क हॅलिबटलाही लागू झाला. आज वॉशिंग्टन, ऑरेगन आणि कॅलिफोर्निया मिळून जो कोटा ठरतो, त्यातले ३५ टक्के जमातींचे.

आता त्या तक्रारीकडे. ‘वेगळा वाटा’ हे सरकारने दिलेलं दान नाही. १८५५ मध्ये मकाहांनी जमीन सोडली आणि समुद्र राखला. उरलेल्या सगळ्यांचा वाटा हा त्या व्यवहारातून आलाय. आमच्या वाट्याचा माणशी एक मासा कमी वाटतो, कारण शंभर वर्षांत कुणी तो मोकळेपणाने उपसला आणि आता वाटून घेणारे फार झाले. त्यात मकाहांचा दोष काय?

माझ्यापुरतं सांगायचं तर मला हा नियम आवडतो. चाळीस फॅदम खोलीवरून वर आलेला वीस किलोंचा हॅलिबट कयाकला बांधून, चार जण मिळून किनाऱ्याला आणायचा, यात दिवस जातो. दुसरा मासा नकोच असतो. पण नियम आवडणं वेगळं आणि तो कुणाला विचारून केला हे विचारणं वेगळं. मासा वाचवायचा म्हणून सगळ्यांवर सारखी बंदी घातली, की ती न्याय्यच झाली असं आपण धरून चालतो. संपवणारा कोण आणि राखणारा कोण, हा हिशोब मात्र त्या बंदीत कुठेच मांडलेला नसतो. १९२३ मध्येही तो मांडला गेला नाही. मांडला गेला तो अर्ध्या शतकानंतर, आणि तोही कोर्टात जावं लागलं तेव्हा.