सुपरबग गाजला, पण तेल कुणी खाल्लं?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गॅरेजमधली काळी माती आणून त्यातून 'तेल खाणारा जिवाणू' वेगळा करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. तुम्ही त्यातले असाल, तर पीएच.डी.चा प्रस्ताव लिहायच्या आधी या विषयाचा थोडा इतिहास वाचाच. जिवाणूला तेल पचत नाही, की तेल त्याच्या हाती लागत नाही? सगळा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

आनंद मोहन चक्रवर्तींची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मूळचे बंगालचे, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे. तेलातले वेगवेगळे घटक फोडणारे प्लाझ्मिड त्यांनी एकाच स्यूडोमोनासमध्ये आणले आणि 1972 मध्ये पेटंटचा अर्ज केला. जून 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. जैवतंत्रज्ञानाच्या दृष्टीने निकाल मोठाच. पण तो जिवाणू समुद्रातल्या तेलगळतीवर कधी सोडलाच गेला नाही, हे परीक्षेत कुणी विचारत नाही!

दुसरी गोष्ट कमी गाजलेली. मला विचाराल तर जास्त कामाची. 1949 मध्ये जार्विस आणि जॉन्सन यांनी स्यूडोमोनास एरुजिनोसा बनवत असलेल्या एका पदार्थाची रचना मांडली: ऱ्हॅम्नोज ही साखर आणि तिला जोडलेलं मेदाम्ल. आज आपण याला ऱ्हॅम्नोलिपिड म्हणतो. जिवाणू हे कशासाठी बनवतो, याचा एक धागा 1971 मध्ये जपानमधल्या हिसात्सुका आणि सहकाऱ्यांच्या कामातून मिळाला. हाच पदार्थ घातला की पॅराफिनवर या जिवाणूची वाढ जोमाने होते, असं त्यांना दिसलं. मधे बावीस वर्षं गेली होती.

कारण समजायला सोपं आहे. जिवाणू राहतो पाण्यात आणि तेल पाण्यात विरघळत नाही. तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघत नाही, तसंच. ऱ्हॅम्नोलिपिड पाण्याचा पृष्ठताण 72 वरून साधारण 30 मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत खाली आणतं. तेलाचे बारीक थेंब होतात आणि जिवाणूला चिकटायला जागा वाढते. म्हणजे साबण तो स्वतःच बनवतो. मात्र ड्रॉप कोलॅप्स चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे साबण सापडला, एवढंच. तेल पचलं हे दाखवायला उरलेलं तेल जीसीवर मोजावं लागतं, आणि सोबत मारलेल्या जिवाणूंचा कंट्रोल हवाच. नाहीतर फ्लास्कमधून उडून गेलेलं तेलही तुम्ही जिवाणूच्या खात्यात जमा कराल.

खरी परीक्षा झाली अलास्कात. 24 मार्च 1989 रोजी एक्सॉन वाल्डेझ जहाज खडकावर आपटलं आणि सुमारे 4 कोटी लिटर कच्चं तेल प्रिन्स विल्यम साउंडमध्ये सांडलं. तिथे जैविक सफाईचा मोठा भर कशावर होता? खतावर. तेल खाणारे जिवाणू त्या किनाऱ्यावर आधीपासूनच होते. तेलातून त्यांना कार्बन भरपूर मिळत होता, कमी पडत होते ते नायट्रोजन आणि फॉस्फरस. तेलाला चिकटून राहील असं खत फवारलं आणि अनेक ठिकाणी तेल फुटायचा वेग वाढला. त्याच किनाऱ्यावरची तेलकट खडी घेऊन केलेला एक अभ्यास 1990 मध्ये छापून आला. स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या सर्फॅक्टंटने नुसत्या पाण्यापेक्षा बरंच जास्त तेल सुटं केलं होतं.

मग हा जिवाणूच किनाऱ्यावर का ओतू नये? कारण तो भाजलेल्या जखमांत आणि अशक्त रुग्णांच्या फुफ्फुसांत संसर्ग करतो. म्हणूनच जिवाणू न सोडता फक्त त्याचा सर्फॅक्टंट वापरायचा, किंवा निरुपद्रवी जिवाणूकडून तो बनवून घ्यायचा, यावर इतकं काम चालतं.

आणि अलास्कातलं सगळं तेल संपलं का? 2001 मध्ये तिथल्या किनाऱ्यांवर हजारो खड्डे खणून पाहिलं, तेव्हा खडीखाली तेल अजून होतं. वरचं बरंचसं गेलं होतं. खाली ऑक्सिजन पोहोचत नव्हता, त्यामुळे जिवाणू असूनही तेल तसंच पडून होतं.