साक्षी आणि साक्ष

‘साक्षी’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडीं दोन ठिकाणांहून आला आहे. एक न्यायाची कचेरी आणि दुसरें तत्त्वज्ञान. कचेरींत साक्षी म्हणजे घडलेली गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेला इसम. तो फिर्यादी नव्हे आणि आरोपीही नव्हे; दाव्यांत त्याचें कांहीं येणें-जाणें नाहीं, म्हणूनच त्याच्या शब्दाला किंमत. तत्त्वज्ञानानें हीच कसोटी माणसाच्या अंतःकरणांत नेऊन बसविली. देह आणि मन यांचा जन्मभर चाललेला दावा जो नुसता पाहतो, ज्याला त्यांत हार नाहीं व जीत नाहीं, तो साक्षी. या दोन अर्थांचें परस्परांशीं नातें काय, या प्रश्नाचा एक विलक्षण निवाडा चांद्याच्या अरण्यप्रदेशांत १९४२ सालीं झाला. तो समजण्यासाठीं या कल्पनेचा पूर्वेतिहास थोडक्यांत पाहणें अवश्य आहे.

साक्षित्वाची कल्पना फार जुनी. श्वेताश्वतर उपनिषदांत परमात्म्याला हें विशेषण लाविलेलें आढळतें. सांख्यांनीं तिला शास्त्राचें रूप दिलें. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत सर्व कर्तृत्व प्रकृतीकडे आहे. बुद्धि, अहंकार आणि मन हींसुद्धां प्रकृतीचींच अपत्यें. पुरुष मात्र पाहणारा, उदासीन व अकर्ता. सांख्यांचे पुरुष अनेक; अद्वैत वेदान्तानें साक्षी सर्वांच्या ठायीं एकच मानिला, हा दोघांतील मोठा भेद. परंतु साधकाची पहिली पायरी दोन्हीकडे सारखीच : जें दिसतें तें पाहणारा नव्हे. घट डोळ्याला दिसतो, म्हणून डोळा घटाहून निराळा. डोळा मंद झाला हें मनाला कळतें, म्हणून मन डोळ्याहून निराळें. मन काल खिन्न होतें व आज प्रसन्न आहे, हेंही ज्याला कळतें, तो मनाहून निराळा असलाच पाहिजे. चौदाव्या शतकांत विद्यारण्यांनीं पंचदशींत यासाठीं नाटकशाळेंतील दिव्याचा दृष्टान्त योजिला. तो दिवा धन्यावर, प्रेक्षकांवर आणि नर्तकीवर सारखाच प्रकाश टाकतो. आणि सारे निघून गेल्यावर रिकाम्या सभेंतही तेवत राहतो.

हें केवळ तर्कानें पटवून घेण्याचें ज्ञान नव्हे. त्याचा अभ्यास करावा लागतो. साधकानें स्वस्थ बसावें, श्वास येतो व जातो तो पाहावा, अडवूं नये. पायाला कळ लागली तर ‘मी दुखावलों’ असें न म्हणतां, पायांत कळ उठली आहे आणि ती कळत आहे, एवढेंच ध्यानांत घ्यावें. राग आला तर तो दाबूं नये आणि त्याच्यामागें धांवूंही नये. तो कोठून उठतो, किती वेळ टिकतो व कोठें मावळतो, तें पाहावें. पाहिलें जाऊं लागलें कीं रागाचा निम्मा जोर तेथेंच ओसरतो, असा या मार्गाच्या अभ्यासकांचा अनुभव आहे.

मराठींत या विचाराचा उगम शोधूं गेल्यास वाट वैनगंगेकडेही वळते. मुकुंदराजांच्या विवेकसिंधूंत शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, असा काळाचा निर्देश आहे. ग्रंथांत उल्लेखिलेलें नगर अंबेजोगाई कीं वैनगंगेच्या काठचें आंभोरा, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पण गुरुशिष्यांचा संवाद योजून स्थूल, सूक्ष्म आणि कारण अशा एकेका देहाचा निरास करीत द्रष्ट्यापर्यंत जाण्याची रीत या ग्रंथानें ओवींत आणिली, याविषयीं वाद नाहीं.

आंभोऱ्याहून हीच नदी दक्षिणेस वाहत चंद्रपूर व गडचिरोली यांच्या सीमेवर येते. १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते आणि त्यांचें जुनें नांव चांदा. येथें नदीकाठीं मार्कंडा क्षेत्रीं मध्ययुगांतील कोरीव देवळांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. ज्या मार्कंडेय ऋषीचें नांव या क्षेत्रास आहे, त्याची भागवतांतील कथा साक्षीविचाराची कथाच म्हणावी लागेल. माया पाहण्याची इच्छा त्यानें व्यक्त केली आणि प्रलयाचें पाणी चढूं लागलें. तो त्यांत भुकेनें व भयानें कासावीस होऊन युगेंच्या युगें वाहत राहिला. वटपत्रावरचें बालक त्याला दिसलें, त्याच्या श्वासाबरोबर तो आंत गेला, सर्व विश्व पाहून बाहेर पडला. आणि पाहतो तों आश्रमांत होता तेथेंच बसलेला! पाणी खरें नव्हतें, भयही टिकलें नाहीं. पाहणारा तेवढा राहिला.

परंतु या वाटेवर एक खोल खड्डा आहे. ‘मी अकर्ता’ हें वाक्य आळशाला सोयीचें आणि अपराध्यालाही सोयीचें. राग मनाला आला, हात देहानें उगारला, ‘मी’ तर नुसता पाहत होतों, असें म्हणणारा साक्षी नसून स्वतःविरुद्धचा पुरावा लपविणारा आरोपी होय. शेजाऱ्याचें घर जळत असतां ‘हा सारा प्रकृतीचा खेळ’ म्हणून बसून राहणारा तरी त्याहून फारसा निराळा नाहीं. गीतेनें तेराव्या अध्यायांत देहाला क्षेत्र आणि जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटलें. १२९० मध्यें ज्ञानेश्वरांनीं त्याचा मराठींत विस्तार केला. चांद्याच्या धानाच्या मुलखांत या उपमेचा अर्थ फोडून सांगावा लागत नाहीं. शेतकरी म्हणजे शेत नव्हे. बांध फुटला तर त्याचें अंग फुटत नाहीं. म्हणून कांहीं तो काठावर बसून राहत नाहीं. कोठें फुटला तें नीट पाहून चिखलांत उतरतो.

या उपमेची परीक्षा चिमूर येथें झाली. यावलीचे माणिक बंडोजी इंगळे, म्हणजेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८), यांनीं तरुणपणीं रामदिघी आणि गोंदोडा येथील निबिड रानांत एकान्तसाधना केली. तेथून ते खंजिरी घेऊन गांवोगांव आले. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं चिमुरास मिरवणुकीवर गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा तरुण पडला. प्रक्षुब्ध जमावाच्या हातून कांहीं सरकारी अधिकारी मारले गेले. साक्षीनें दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पाठोपाठ आलेल्या शिपायांनीं घरें लुटलीं व स्त्रियांवर अत्याचार केले. त्याच महिन्यांत महाराजांना अटक झाली. बातम्यांवर निर्बंध होते. चिमूरची हकीकत बाहेर जाण्यास वाट नव्हती.

अशा वेळीं सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी पुढें आले. हा पुरुष विलक्षण वैराग्याचा. पूर्वीं त्यांनीं दीर्घ मौन धरिलें होतें, कच्चें पीठ व कडुनिंबाचा पाला खाऊन भ्रमंती केली होती, आणि मौन मोडूं नये म्हणून तांब्याच्या तारेनें ओठ शिवून घेतले होते. वेदान्ताच्या कसोटीस लावल्यास हें साक्षित्व म्हणतां येत नाहीं. कारण देहाशीं वैर करणाराही त्या दाव्यांतील एक पक्षकारच. गांधीजींनीं त्यांच्या हातीं चरखा दिला व त्यांना आश्रमाच्या कामांत आणिलें. चिमूरच्या स्त्रियांची हकीकत ऐकून ते दिल्लीस व्हाइसरॉयच्या मंडळांतील बापूजी अणे यांच्याकडे गेले, चौकशीची मागणी केली, आणि उपवास आरंभिला. तो ६३ दिवस चालला आणि १२ जानेवारी १९४३ रोजीं सुटला. तोंवर चिमूरचें नांव देशभर झालें होतें.

ओठ शिवणारा तोच देह आणि उपवास करणाराही तोच. क्लेश दोन्हीकडे होते; भेद इतकाच कीं पहिल्या वेळीं दृष्टि स्वतःच्या देहावर खिळलेली होती, दुसऱ्या वेळीं ती ज्यांचें म्हणणें कोणी ऐकून घेत नव्हतें अशा स्त्रियांकडे होती. भुकेला भूक म्हणून व भयाला भय म्हणून जो पाहूं शकतो, त्याला भूक आणि भय गप्प बसवूं शकत नाहींत. साक्षीभावाचें व्यवहारांतील फळ हेंच होय. स्वतःच्या सुखदुःखापुरतें साक्षी राहावें. दुसऱ्याच्या दुःखाची वेळ आली म्हणजे साक्ष द्यावी. कचेरींतील साक्षीवरही कायद्यानें हेंच बंधन घातलेलें आहे : ज्यानें पाहिलें, त्याला मौन धरण्याची मुभा नाहीं.