गोधडीच्या पाठीवरचा मजकूर

आमच्या घरातली जुनी गोधडी आजीने शिवली की थोरल्या आत्याने, हा वाद अजून मिटलेला नाही. कुणी नावच घातले नाही! अशा वेळी मला सिंगापूरच्या चांगी तुरुंगातल्या बायका आठवतात. १९४२ साली जपान्यांच्या कैदेत त्यांनी ६६-६६ चौकोनांच्या तीन गोधड्या शिवल्या. चौकोनावर आपले नाव भरायचे. भिंतीपलीकडे कैदेत असलेल्या नवऱ्याला कळावे, ही जिवंत आहे. पाठीवर देणगीचा मजकूर: एक जखमी ब्रिटिशांना, एक ऑस्ट्रेलियनांना आणि एक, वाचकहो, जखमी जपान्यांना! ऑस्ट्रेलियनांच्या गोधडीवर शेवटी सूचना, ही 'ड्रायक्लीन' केलेली बरी. तुरुंगातही बाईचा जीव कापडात! ती गोधडी आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे. जपान्यांसाठी शिवलेलीही तिथेच.