लुआऊची पंगत

सुटीत हवाई बेटांवर जाणाऱ्या प्रवाशापुढे ‘लुआऊ’ नामक मेजवानीची अनेक आमंत्रणे येतात. त्यांतून निवड करावयाची, तर आधी शब्दाचा इतिहास पाहावा. लुआऊ म्हणजे अळूचे कोवळे पान. आपल्या परसातले तेच अळू. त्या पानांत शिजविलेल्या पदार्थावरून एकोणिसाव्या शतकात मेजवानीलाच हे नाव पडले. तेथील पुराणकथेत तर अळू हा मनुष्याचा थोरला भाऊ होय.

प्राचीन काळी तेथे स्त्रीपुरुषांनी एकत्र जेवणे निषिद्ध होते. डुकराचे मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी स्त्रियांस वर्ज्य असत. हा ‘कापू’ मोडणारास देहदंडही होई. १८१९ साली पहिला कामेहामेहा वारला. त्याची राणी काआहुमानू हिच्या आग्रहावरून नवा राजा लिहोलिहो स्त्रियांच्या पंक्तीस जाऊन बसला आणि जेवला. त्या एका जेवणाने सारी निषेधसंहिता कोसळली! पंगतीत बसून कायद्याचे निरसन झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

तेव्हा जेथे तापल्या दगडांची ‘इमू’ ही जमिनीतील भट्टी पाहुण्यांसमक्ष उघडतात आणि हुलानृत्य मंत्रपठणासह होते, ती पंगत पसंत करावी. पेटत्या सुरीचे नृत्य चित्तवेधक खरे, परंतु ते सामोआचे. शाकाहारी वाचकाने मात्र सावध असावे; भट्टीत सबंध डुक्कर भाजलेले असते, आणि अळूच्या पानांतही बहुधा मांस वा मासळी असते. कुटलेल्या अळूकंदाची पोई तेवढी निःशंक घ्यावी.